पेटीबरोबरचा निरोप

८ मे २०२५, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, आजींचं रोजचं लिहून ठेवत जा. काय खाल्लं, कधी झोपल्या, काय बोलल्या, कशावर चिडल्या. म्हणून सुनबाईनं, सुनयनानं, ही वही आणून दिली. वर मोराचं चित्र आहे. पलटण सुटल्यावर तळोज्याच्या कंपनीत गेटवर मी वर्षानुवर्षं रजिस्टर लिहिलं आहे, तेव्हा लिहायचं मला काही कौतुक नाही. तिथं ट्रक होते, इथं माझी बायको शकू आहे, एवढाच फरक.

तर आजची नोंद. सकाळी चहा आणि बटर. दुपारी वरणभात, दोन घास. त्यानंतर मी हॉलमध्ये पेपर वाचत बसलो होतो तर स्वयंपाकघरात काच फुटल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर शकूनं नळाखाली डोकं घालून कपाळाचं कुंकू धुतलं होतं आणि हातातल्या बांगड्या ओट्यावर आपटून फोडल्या होत्या. मनगटातनं रक्त येत होतं. विचारलं, "काय केलंस हे?"

म्हणाली, "पेटी आली."

मी जखम धुतली, हळद दाबली. ती माझ्याकडं बघतच नव्हती, दाराकडं बघत होती. दोन वर्षं झाली तिला विसरायला लागून. आधी गॅस विसरायची, मग नातवंडांची नावं. हे मात्र नवीन आहे. सुनबाई बँकेतून आल्यावर म्हणाली, आबा, हे सगळं टीव्हीमुळं. खरं असेल. पंधरा दिवस लढाईचीच बडबड चालू आहे, काल उरणकडं भोंगे वाजवून तालीम घेतली तीही दाखवली. मी टीव्हीची वायर काढून ठेवली आहे.

९ मे, शुक्रवार

ही वही डॉक्टरांना दाखवायची आहे, म्हणून पेटीचा खुलासा करतो. ते तरुण आहेत, त्यांना हे ठाऊक असायचं कारण नाही.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. घराआड एक माणूस फौजेत, पणजोबांपासून. मी शेतातच वाढलो, बैल धरायला आला की पोरगा मोठा झाला असं मानायचे, आणि बैल धरायला आला की भरतीलाही पाठवायचे. गावाला फौजेचं सगळं कळतं असा गावाचा समज. त्यात एक पक्कं ठरलेलं होतं. जवानाची पत्र्याची पेटी जवानाबरोबर येते. पेटी एकटी आली की समजायचं, माणूस गेला. दोन्ही महायुद्धांत तसंच झालं होतं म्हणतात.

एकाहत्तरच्या वैशाखात माझं लग्न झालं आणि डिसेंबरात मी पूर्वेच्या लढाईत होतो. मांडीत गोळी लागली. कलकत्त्याच्या दवाखान्यात पडलो असताना बाबासो भेटायला आला. बाबासो म्हणजे माझा पलटणीतला दोस्त, शेजारच्याच गावचा. तो रजेवर निघाला होता. मी म्हटलं, माझी पेटी घेऊन जा आणि घरी सांग, पाय शाबूत आहे, मागनं येतो. बाबासो साताऱ्याच्या स्टँडवर उतरला तर बहिणीचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलेलं. पठ्ठ्यानं पेटी आमच्या गावच्या एसटीच्या टपावर टाकली, निरोप कंडक्टरला सांगितला आणि आपल्या वाटेनं गेला. कंडक्टर वाटेत बदलला. पेटी गावात पोचली, माझं नाव घालून, एकटी.

मग काय, गावानं वेळ घालवला नाही. दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला, दहावं झालं, तेरावं झालं. दवाखान्याचे कागद मागनं आले, पण त्यांच्याही आधी मी आलो, काठी टेकत. पारावरची माणसं उठून पळाली. आई दारात आली आणि म्हणाली, आत येऊ नको. मला वाटलं चक्रम झाली. पण ज्याचे दिवस घातले तो तसाच घरात कसा येणार? त्याला परत जन्माला यावं लागतं. भटजी आले, मला तुपानं आणि पाण्यानं न्हाऊ घातलं, पाळण्यात एक पाय ठेवायला लावला, बायकांनी पाळणा म्हटला. भटजी म्हणाले नवीन नाव ठेवा. आई म्हणाली, नवीन नाव ठेवलं तर पगार कुणाच्या नावानं यायचा? म्हणून परत शहाजीच ठेवलं. मग शकूशी परत लग्न लावलं. एकाच बाईशी वर्षात दोनदा बोहल्यावर चढलेला माणूस तालुक्यात मी एकटाच.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. बाबासो दर दिवाळीला यायचा, शकू त्याला म्हणायची, "या निरोपे." बिचारा दहा वर्षांपूर्वी गेला. पेटी आल्यापासून मी येईपर्यंत शकूचं काय झालं, ते मात्र मी कधी विचारलं नाही. आलो म्हटल्यावर विचारायचं काय?

आता ती तिथं आहे असं दिसतं. त्या दिवसांत.

११ मे, रविवार

लढाई थांबली असं पेपरात आलं. आमच्या घरी नाही.

काल शकूनं खोलीला आतून कडी लावली. मी दार वाजवलं तर म्हणाली, "परका गडी मानूस, आत कशाला येतुय?" सुनबाईनं समजावून कडी काढायला लावली, पण मला आत घेतलं नाही. मी हॉलमध्ये दिवाणावर झोपलो. फौजेत दगडावर झोपलोय, दिवाणाचं काय मोठं. मला काही वाटलं नाही. पंखा मात्र फार आवाज करतो, त्यामुळे झोप लागली नाही.

सकाळी आमचा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो नेऊन दाखवला. हा मी, ही तू. तिनं नीट बघितला. म्हणाली, "म्हातारा बरा दिसतुय. कुनाचा?"

१४ मे, बुधवार

डॉक्टर म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नका, त्या जिथं आहेत तिथं तुम्ही जा. बोलायला काय जातं. ती जिथं आहे तिथं मी मेलेला आहे.

दिवसा बघायला एक बाई ठेवल्या, दुर्गाबाई. मूळच्या शिरवण्याच्या, जुन्या गावातल्या. त्यांच्या हातून शकू जेवते. माझ्या हातून नाही. आज मी ताट नेलं आणि म्हणालो, शकू, मी आहे, तुझा नवरा, हा बघ मांडीवरचा व्रण. लेंगा वर करून दाखवला. तिनं ताट भिरकावलं. आमटी भिंतीला.

दुर्गाबाई भिंत पुसत म्हणाल्या, "आबा, तुमी कशाला वाद घालता तिच्याशी? ती रडतंय तिच्या नवऱ्यासाठी, तर रडू द्या ना. तिला काय म्हाईत तुमी तोच हाय."

मी म्हणालो, चोपन्न वर्षं संसार केलाय मी. त्या म्हणाल्या, "तो तुमी केलाय. ती अजून नवीन नवरी हाय."

१५ मे, गुरुवार

ती रडते. आवाज न करता, पदर तोंडात धरून, गावाकडं सासरी असताना सुना रडतात तशी. मी हॉलमध्ये बसून ऐकतो.

खरं लिहायचं तर मला राग येतो, आणि तो त्या पोराचा येतो. वीस वर्षांचा शहाजी. त्यानं तिच्यासाठी केलं काय? लग्न करून पंधरा-वीस दिवस राहिला आणि गेला. तिची बाळंतपणं मी केली, मुलाला, विश्वजितला, कावीळ झाली तेव्हा तिच्याबरोबर दवाखान्यात मी बसलो, नेरूळला घर मी घेतलं, गुडघ्याच्या ऑपरेशनला सही मी केली. आणि ती रडते त्याच्यासाठी. च्यायला, माझ्यासाठी अशी ती कधी रडली नाही.

हे पान डॉक्टरांना दाखवायचं नाही.

१८ मे, रविवार

आज विश्वजितला सुट्टी होती. तो द्रोणागिरीला गोदामावर मॅनेजर आहे, आठवडाभर घरी फक्त झोपायला येतो. दुपारी मला गच्चीत घेऊन गेला आणि म्हणाला, "आबा, काल आईनं तुम्हाला ढकललं. सुनयनानं धरलं म्हणून वाचलात. कंबर मोडली असती तर?"

मी म्हटलं, मोडली नाही ना.

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. पनवेलच्या पुढं एक संस्था आहे, असल्याच माणसांसाठी. झाडं आहेत, नर्स आहेत, रोज भजन असतं. "पुढच्या रविवारी त्यांच्या मॅडम घरी येऊन आईला बघणार आहेत. आणि आबा, त्या म्हणाल्या की पेशंट घरातल्या ज्या माणसाला बघून बिथरतो, त्या माणसापासनं त्याला लांब ठेवणं चांगलं."

तो माणूस म्हणजे मी. पोरगं वाईट नाही. बोलताना त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, तिला नेलं तर मी पण जातो तिथं. तो म्हणाला, "तेच तर नाही चालत, आबा. टेन्शन तुम्हाला बघूनच येतं तिला."

म्हणजे रविवारपर्यंत वेळ आहे. चोपन्न वर्षांचा नवरा आणि हातात एक आठवडा.

१९ मे, सोमवार

आज एक नवीन गोष्ट घडली. सकाळी मी हॉलमध्ये बसून बुटाला पॉलिश करत होतो. कुठं जायचं नसतं, पण सोमवारी बूट चमकले पाहिजेत, ती सवय सुटत नाही. शकू खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बूट बघत होती. मग पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "पलटणीतलं का तुमी?"

मी हो म्हणालो. खोटं काय त्यात.

"बाबासो भावजी ना? पेटी तुमीच आनली?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "अगं मी शहाजी आहे." ती झटकन आत गेली. दुर्गाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की पलटणीतल्या सुभेदारसाहेबांची आठवण झाली.

२१ मे, बुधवार

शकू दारापर्यंत येते, मला बघते आणि जाते. ढकलत नाही. दुपारी आतनं तिचा आवाज आला, दुर्गाबाईंना सांगत होती, "भावजींना वाढताना हरभऱ्याची डाळ नगा वाढू. पोट धरतं त्यांचं. आन् च्यात गूळ घाला, साखर नगं." आता बाबासोचं पोट दगड पचवायचं आणि त्याला साखरेचाच चहा लागायचा. पोट माझं धरतं. तिचा काहीतरी घोटाळा होत असणार. नोंद करून ठेवतो, डॉक्टरांना विचारायला.

२२ मे, गुरुवार

आज ती येऊन माझ्यासमोर खाली बसली, खुर्चीवर नाही, फरशीवर. म्हणाली, "भावजी, एक इचारू? ते कसं गेलं?"

मी पेपराची घडी केली.

"लई दुखलं का? पानी मागितलं का? कुनी पानी तरी पाजलं का?"

लढाईत मी माणसं जाताना बघितली आहेत, पाणी मागताना बघितली आहेत, पाजलंही आहे. ते सगळं डोळ्यांपुढं आलं आणि त्यांच्यात मी स्वतः. उठलो आणि चपला घालून खाली गेलो. नेरूळच्या तलावाभोवती चालत राहिलो. उन्हात माणूस नव्हतं.

चालताना एक कळलं ते लिहितो. चोपन्न वर्षांत हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नाही, कारण मी परत आलो. परत आलो म्हणजे प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. पण तेव्हा महिना-दीड महिना हे तिच्या पोटात होतं आणि ते कुणी काढून घेतलं नाही. सतरा वर्षांची पोर होती ती. माझी नात आज त्याहून मोठी आहे.

दुसरंही कळलं. नवरा म्हणून हट्ट धरला तर रविवारी तिला घेऊन जातील. परका म्हणून राहिलो तर ती घरात राहील. यात निवडायला फार अक्कल लागत नाही, तरी मला तलावाला तीन चकरा लागल्या.

पण तिला मी मेलो असं सांगणार नाही. ते मला जमणार नाही.

२३ मे, शुक्रवार

आज सविस्तर लिहितो.

अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले. दुर्गाबाई लसूण सोलत होत्या, शकू पलंगावर बसली होती. मी दारात थांबलो आणि म्हणालो, "वहिनी, आत येऊ का?"

स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणायचं कसं असतं ते कुणाला सांगून कळणार नाही. जीभ रेटत नव्हती.

तिनं पदर सारखा केला. "या भावजी."

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. म्हणालो, "पेटी मीच आणली. पेटीबरोबर निरोप होता, तो द्यायचा राहिला."

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "नगं. म्हाईत हाय मला."

"माहीत नाही तुम्हाला. शहाजी जिवंत आहे, वहिनी."

हात खाली आले. दुर्गाबाईंचं लसूण सोलणं थांबलं.

"मांडीत गोळी लागली. पाय शाबूत आहे. कलकत्त्याच्या दवाखान्यात आहे, दोन वेळा दूध देतात, पिठलं मिळत नाही म्हणून कुरकुर करतो. म्हणाला, पेटी पुढं ने आणि घरी सांग, मी मागनं येतो."

तिनं माझ्याकडं बराच वेळ रोखून बघितलं. फौजी गावाची सून, अशी ऐकणार थोडीच. "मंग पेटी एकटी का आली?"

"बहिणीच्या लग्नाची घाई होती. एसटीवर टाकून गेलो. निरोप कंडक्टरला सांगितला. चुकलं माझं."

आणि मग ती जी सुरू झाली. "चुकलं? चुकलं म्हनं. हितं त्यांचा पुतळा करून जाळला, म्हातारीनं आंथरून धरलं, मला चौघींनी धरून कुक्कू पुसलं, आन् तुमी तिकडं जिलब्या खात हुता? दोन कोसांवर गाव तुमचं. चालत आला असता तर पाय झिजलं असतं?" असं बरंच. बाबासो तीस-पस्तीस दिवाळ्या आमच्याकडं जेवला. ती हसून 'निरोपे' म्हणायची, लाडू वाढायची. मला वाटायचं, ती विसरली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाबासो, तुझ्या वाटचं आज मी खाल्लं, वर भेटशील तेव्हा बघतो तुला.

बोलून बोलून दमली. दुर्गाबाईंनी पाणी दिलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "माझ्याइशयी काय बोललं का ते?"

आता हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कुठं? परत आलो तेव्हा घरात आई, वडील, भाऊ, शेजारी. मग पलटण. मग पोरं झाली, आणि पोरं झाल्यावर असलं बोलायचं म्हणजे लाज. राहूनच गेलं. पण भावजीला सांगायला कसली लाज.

म्हणालो, "गोळी लागल्यावर तो दिवसभर भाताच्या शेतात पडून होता. भात पिकून उभं होतं, कापायला माणूस नाही, सगळे पळालेले. शेतकऱ्याचं पोर ते. पडल्या पडल्या एक लोंबी ओढून हातावर चोळली, दाणा भरलाय का बघायला. आणि म्हणाला, बाबासो, लग्नानंतर एकदा मी शेतात बायकोसमोर ऐट करायला गेलो. नवा बैल होता, कासरा हाताला गुंडाळला होता. बैल उधळला आणि मला पाटाच्या चिखलातनं फरफटत नेलं. उठलो तर तोंडभर चिखल. ती बांधावर भाकरी घेऊन उभी होती, ती हसली. घरात एवढ्या दिवसांत तिचा आवाज पण ऐकला नव्हता, आणि ती खळखळून हसली. म्हणाला, मला देव आठवत नाही, आई आठवत नाही, ते हसणं ऐकू येतंय. ते परत ऐकायला घरी जायचंय, बाकी काही नाही."

शकू पदराआड हसली. खांदे हलत होते. "वढलं खरं बैलानं. नाकात बी चिखूल गेला हुता."

मग रडली. पण हे रडणं वेगळं होतं, आवाज करून. मला उठून जवळ जायचं होतं. भावजी कसा जाणार, खुर्चीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि दुर्गाबाईंना म्हणाली, "बाई, माझा करंडा कुटं हाय बगा. ह्ये येतील आन् मी अशी मोकळ्या कपाळानं."

मी बाहेर येऊन बाथरूममध्ये तोंड धुतलं. पाच-सहा वेळा धुतलं.

२५ मे, रविवार

संस्थेच्या मॅडम आल्या. चांगल्या होत्या बोलायला. शकू हिरव्या बांगड्या घालून बसली होती, सुनबाईनं आणलेल्या. मॅडमनी माझ्याकडं बोट करून विचारलं, "आजी, हे कोण?"

"आमच्या ह्यांच्या पलटणीतलं हायती. निरोप घेऊन आल्यात. भला मानूस हाय, जरा इसरभोळा."

मॅडमनी सगळं लिहून घेतलं आणि विश्वजितला म्हणाल्या, सध्या घरीच ठेवा, शांत आहेत. त्या गेल्यावर विश्वजित माझ्याजवळ बसला. म्हणाला, "आबा, पण मग तुम्ही? असंच भावजी म्हणून राहणार?"

मी म्हटलं, फौजेत पोस्टिंग निवडता येत नाही.

तो हसला नाही. माझा हात धरून बसला, लहानपणी जत्रेत धरायचा तसा. मोठा झाल्यावर पहिल्यांदाच.

१ जून, रविवार

रोज सकाळी विचारते, "काय खबर?" मी खबर देतो. काल टाके काढले. आज काठीनं व्हरांड्यापर्यंत चालला. पत्र लिहायला सांगितलं तर म्हणतो अक्षर चांगलं नाही. ती खुश होते, चपातीचा तुकडा मोडते. त्या पोराचा आता राग येत नाही. सकाळी उठल्यावर आज त्याचं काय सांगायचं याचा मी विचार करत असतो. सुनबाई म्हणते, आबा, त्याला लवकर बरा नका करू.

पण तो कधी यायचा नाही, हे मला कळतं. आला तर तो वीस वर्षांचा यावा लागेल.

६ जून, शुक्रवार

आज सकाळी मोठा घोळ झाला. मी उठलो तर माझ्या चपला दाराशी नीट लावून ठेवलेल्या, शेजारी कापडाची पिशवी. पिशवीत चपात्या, शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे. सुनबाईला उठवून शकूनं पहाटेच करून घेतलं होतं.

मला म्हणाली, "भावजी, लई दिस झालं. निरोप दिला, उपकार झालं. आता जावा घरी. गावातली मानसं काय म्हनतील, नवरा दवाखान्यात आन् घरात परका गडी."

सुनबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातात लाटणं तसंच. परका म्हणून राहायला मिळालं, आणि परका म्हणूनच निघायची वेळ आली. हे माझ्या हिशेबात नव्हतं. पाहुण्यानं जायचं असतं, हे मी विसरलोच होतो.

"घरी कोन कोन हाय?" तिनं विचारलं.

"बायको आहे."

"मंग? ती वाट बगत आसल की. जावा."

"ती मला ओळखत नाही, वहिनी."

हे मी ठरवून बोललो नाही. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि थांबेना. बायकोसमोर मी कधी रडलो नव्हतो. आई गेली तेव्हाही गोठ्यात जाऊन रडलो होतो.

शकू उठली, जवळ आली. चोपन्न वर्षांपूर्वीची नवी सून परक्या गड्याच्या इतक्या जवळ आली नसती. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"रुसलीया का?"

"नाही. विसरली."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "न्हाई इसरली. लढाईवरनं आलेलं मानूस वळकू येत न्हाई पटकन. मला बी त्योच घोर हाय, भावजी. खरं सांगू का, कुनाला बोलले न्हाई. ह्यांचं तोंड मला आठवत न्हाई. लगीन झाल्यावर पदर पुडं, मान खाली, कवा नीट बघितलंच न्हाई. पेटी आली तवा मी रडत हुते, आन् रडताना तोंड आठवायला जायची तर आठवायचं न्हाई. हात आठवत्यात, आवाज आठवतो, तोंड न्हाई. म्हनून जास्तच रडायची. आता ते येतील आन् मी वळकलं न्हाई तर?"

मी म्हणालो, "तो रागवायचा नाही."

"न्हाई रागवायचा?"

"नाही. तो बसून राहील."

तिनं मान हलवली, पटल्यासारखी. पिशवी माझ्या हातातनं काढून घेतली. "तुमी हितंच ऱ्हावा मंग. लोक काय, बोलतील आन् गप बसतील. ह्ये आले की आमी दोघं येतो तुमच्या संगं, तुमच्या बायकूकडं. मी सांगते तिला, बाई, हा तुझाच मानूस हाय, चांगला हाय, घे घरात. माझं ऐकंल ती."

"ऐकेल," मी म्हणालो. "तुमचं ऐकेल."

"मंग झालं तर. बसा."

तिनं चपला उचलून आत ठेवल्या. मग पिशवीतल्या चपात्या ताटात काढल्या आणि ताट दोघांच्या मध्ये ठेवलं. मी राहतो म्हणालो. चटणी सुनबाईनं जरा तिखट केली होती, पण दोघांनी मिळून सगळी संपवली.